ऑलिव्हच्या पानातील कडू द्रव्य: रसायन, पुरावा आणि मात्रा

ऑलिव्ह म्हणजे जैतुनाचे झाड जगाला ओळखीचे आहे ते त्याच्या फळामुळे आणि त्या फळातून निघणाऱ्या तेलामुळे. परंतु औषधी रसायनांच्या दृष्टीने पाहिले तर या झाडाचा खरा साठा पानात आहे, आणि तेल काढताना हे पान बहुतेक ठिकाणी कचरा म्हणूनच बाजूला सारले जाते. तेलाच्या घाण्यावर येणाऱ्या फळांबरोबर त्यांच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के पाला येतो, छाटणीच्या वेळी निघणारा पाला निराळाच, आणि त्यातील बराचसा जाळला जातो किंवा जनावरांपुढे टाकला जातो. त्याच पाल्याच्या वाळलेल्या वजनात सहा ते नऊ टक्के भाग ओल्युरोपेइन नावाच्या एकाच कडू द्रव्याचा असू शकतो. झाडाची जात, पानाचे वय, हंगाम आणि वाळवण्याची पद्धत यांनुसार हे प्रमाण खालीवर होते, तरीही एका पानात एकाच द्रव्याचा इतका मोठा वाटा असणे ही वनस्पतींच्या जगातही लक्षणीय गोष्ट आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की या पानाला आरोग्याच्या बाबतीत खरोखर काही किंमत आहे. मात्र ती तेलाच्या पुण्याईवर उसनी घेता येत नाही आणि परंपरेच्या नुसत्या उल्लेखानेही सिद्ध होत नाही, तर पोटात गेलेल्या ओल्युरोपेइनची मात्रा आणि माणसांवर रीतसर घेतलेल्या चाचण्या या दोन मापांनीच ती ठरते.

वनस्पतिशास्त्रात हे झाड ओलिएसी या कुळात मोडते. महाराष्ट्रातील वाचकाला हे कुळ परके नाही, कारण जाई, जुई, मोगरा, कुंदा आणि पारिजातक ही सर्व त्याच कुळातील आहेत, आणि सह्याद्रीच्या सदाहरित रानात, विशेषतः महाबळेश्वरच्या परिसरात, आढळणारा पारजांब तर थेट ऑलिव्हच्याच प्रजातीतला आहे. भूमध्य समुद्राच्या काठचे मूळ ऑलिव्ह मात्र कोरड्या, लांबलेल्या उन्हाळ्यात वाढणारे झाड आहे. त्याचे पान अरुंद, जाड आणि चिवट असते. वरची बाजू गर्द हिरवी, तर खालची बाजू सूक्ष्म खवल्यांसारख्या लवेने झाकलेली असल्यामुळे रुपेरी दिसते. ही लव पाण्याचे बाष्पीभवन रोखते आणि तिच्यातील फ्लॅव्होनॉइड द्रव्ये अतिनील किरणांपासून पानाचे रक्षण करतात. असे पान झाडावर दोन-तीन वर्षे टिकते, आणि जे पान इतका काळ टिकवायचे ते कीटक, बुरशी आणि चरणारी जनावरे यांच्यापासून वाचवणे झाडाला भाग असते. ओल्युरोपेइनचे प्रयोजन मुळात तेच आहे. माणसाचा रक्तदाब उतरवण्यासाठी ते घडलेले नाही, आणि ही साधी गोष्ट नजरेसमोर ठेवली तर पुढील सर्व विवेचन योग्य जागी बसते.

पॅरिस येथील बूर्केलो आणि व्हिंतिलेस्को या संशोधकांनी १९०८ मध्ये हे द्रव्य ऑलिव्हमधून वेगळे केले; त्याची रेणुरचना उलगडण्यास मात्र १९६० साल उजाडावे लागले, आणि ते काम इटलीतील पानित्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. हा रेणू तीन भागांचा बनलेला आहे. पहिला भाग ग्लुकोज म्हणजे साखर. ज्या वनस्पतिज द्रव्याला असा साखरेचा रेणू जोडलेला असतो त्याला ग्लायकोसाइड म्हणतात, आणि या जोडणीमुळे ते द्रव्य पाण्यात विरघळणारे व पेशीत सुखरूप साठवता येण्याजोगे होते. दुसरा भाग एलेनोलिक आम्ल, ज्याच्या विशिष्ट सांगाड्यामुळे ओल्युरोपेइनची गणना सेकोइरिडॉइड या वर्गात होते. इरिडॉइड म्हणजे अनेक वनस्पतींत आढळणारी, एकमेकांना जोडलेल्या दोन वलयांच्या सांगाड्याची कडू द्रव्ये, आणि त्यांतील एक वलय उघडले की जो गट तयार होतो तो सेकोइरिडॉइड. तिसरा भाग हायड्रॉक्सिटायरोसॉल, म्हणजे शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असलेले फेनॉल, ज्याला ऑक्सिडीकरणाला आवर घालण्याची चांगली शक्ती आहे. पानाच्या औषधी गुणांविषयी जे काही बोलले जाते त्याचा मोठा भाग या दुसऱ्या आणि तिसऱ्या घटकांशी संबंधित आहे.

झाड या द्रव्याचा उपयोग कसा करते, हे ऑलिव्हच्या एका नातलगावर झालेल्या अभ्यासातून फार स्पष्टपणे दिसते, आणि ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. कुंपणाला लावल्या जाणाऱ्या प्रिव्हेट या झुडपाच्या पानांतही ओल्युरोपेइन भरपूर असते. जपानमधील कोन्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले, की अखंड पानात हे द्रव्य एका कप्प्यात आणि त्याला फोडणारे विकर, म्हणजे बीटा-ग्लुकोसिडेज, दुसऱ्या कप्प्यात असते, आणि जोपर्यंत पान शाबूत आहे तोपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. अळीने पान चावले की कप्पे फुटतात, विकर ओल्युरोपेइनवरील साखर तोडून टाकते, आणि उरलेला भाग एका अत्यंत क्रियाशील अल्डिहाइडमध्ये बदलतो. चामडे कमावताना वापरल्या जाणाऱ्या रसायनांप्रमाणे हा अल्डिहाइड प्रथिनांना एकमेकांत जखडून टाकतो आणि त्यांतील लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल निकामी करतो, त्यामुळे अळीने खाल्लेल्या पानातील प्रथिने तिच्या अंगी लागत नाहीत. भरपूर खाऊनही ती उपाशी राहते. यापुढची गोष्ट आणखी विलक्षण आहे. प्रिव्हेटवरच उपजीविका करणाऱ्या पतंगाची अळी आपल्या पाचक रसात ग्लायसिन हे अमिनो आम्ल मोठ्या प्रमाणात सोडते. अल्डिहाइड त्या ग्लायसिनवर खर्ची पडतो आणि अन्नातील लायसिन वाचते. औषधशास्त्राच्या दृष्टीने यातला धडा असा, की ओल्युरोपेइन हे स्वतः शांत असलेले, पण विकराची गाठ पडताच स्वरूप बदलणारे द्रव्य आहे, आणि म्हणून पान तोडल्यापासून ते पोटात जाईपर्यंत त्याचे काय होते याला फार महत्त्व आहे.

हेच द्रव्य कच्च्या फळातही असते, आणि झाडावरून तोडलेले ऑलिव्ह तसेच तोंडात टाकता येत नाही ते त्यामुळेच. फळ पिकत जाते तसे त्याचे प्रमाण घटते. तरीही खाण्याच्या ऑलिव्हवर सौम्य कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा संस्कार करून, किंवा महिनोन्‌महिने मिठाच्या पाण्यात मुरवून, हा कडवटपणा काढावा लागतो. तेल काढताना मात्र वेगळी घटना घडते. ओल्युरोपेइन पाण्यात विरघळणारे असल्याने फळ चिरडले जाताना ते एकतर विकराने फुटते, नाहीतर पाण्याबरोबर आणि चोथ्याबरोबर निघून जाते, आणि फळातील एकूण फेनॉलांपैकी जेमतेम एक-दोन टक्के तेलात उतरतात. म्हणजे उत्तम प्रतीच्या तेलात जी फेनॉल असतात ती मुख्यतः ओल्युरोपेइन आणि त्याच्या भावंडांच्या मोडतोडीतून तयार झालेली असतात. अखंड ओल्युरोपेइन त्यात नगण्य असते. ताज्या तेलाचा घोट घेतल्यावर घशाशी जी खवखव होते ती ओलिओकॅन्थल या द्रव्यामुळे, आणि त्याचा दाहशामक परिणाम आयबुप्रोफेनच्या जातीचा आहे असे गॅरी बोशाँ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले. ते द्रव्य तेलाचे आहे, पानाचे नव्हे.

हा भेद येथे इतक्या आग्रहाने मांडण्याचे कारण असे, की पानाच्या अर्काची जाहिरात करताना तेलाविषयीचा पुरावा बिनदिक्कत वापरला जातो. स्पेनमधील सुमारे साडेसात हजार लोकांवर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि काही केंद्रांवरील गटवाटपातील दोष ध्यानात घेऊन २०१८ मध्ये नव्याने मांडल्या गेलेल्या ‘प्रेडिमेड’ या अभ्यासात हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रमाण कमी झाले ते भूमध्यसागरी आहाराबरोबर भरपूर एक्स्ट्रा व्हर्जिन तेल किंवा सुकामेवा घेणाऱ्यांमध्ये. तेथे पानाचा अर्क कोणीही घेतला नव्हता. युरोपीय संघाने २०१२ च्या नियमाने ऑलिव्हच्या पॉलिफेनॉलांमुळे रक्तातील मेदाचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण होण्यास हातभार लागतो असे लिहिण्यास परवानगी दिली, तीही २० ग्रॅम तेलात किमान ५ मिलिग्रॅम हायड्रॉक्सिटायरोसॉल व त्याची संयुगे असलेल्या तेलापुरतीच. पानाला आपला पुरावा आपणच उभा करावा लागतो, आणि तो त्याने काही प्रमाणात केलाही आहे.

पानात ओल्युरोपेइनशिवाय इतरही बरेच काही असते: स्वतंत्र हायड्रॉक्सिटायरोसॉल, व्हर्बॅस्कोसाइड, ल्युटिओलिन आणि एपिजेनिन यांची ग्लायकोसाइडे, रुटिन, तसेच ओलिॲनोलिक आणि मॅस्लिनिक ही ट्रायटर्पीन आम्ले. ही आम्ले पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने पानांच्या काढ्यात ती उतरत नाहीत, अल्कोहोलमध्ये काढलेल्या अर्कात मात्र येतात. म्हणून काढा आणि अर्क हे एकाच पानाचे असले तरी औषध म्हणून एक नव्हेत.

पानाच्या औषधी उपयोगाचा इतिहास जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने ऑलिव्हच्या पानांची नोंद स्तंभक म्हणून, जखमा व त्वचाविकार यांवर लावण्यासाठी केली. आधुनिक काळातील महत्त्वाची नोंद मात्र ज्वरासंबंधीची आहे. लंडनमधील औषधतज्ज्ञ डॅनिएल हॅनबरी यांनी १८५४ मध्ये ऑलिव्हच्या पानांच्या ज्वरनाशक गुणांविषयी टिपण प्रसिद्ध केले, आणि त्यात या पानांच्या कडू काढ्याने हिवताप उतरल्याचे अनुभव नोंदवले. त्या काळी सिंकोनाची साल महाग होती आणि कडूपणा हीच ज्वरनाशकाची खूण मानली जात होती, हे लक्षात घेतले तर या शोधामागची धडपड समजते. महाराष्ट्रातही तापावर काडेचिराइताचा काढा देण्याची परंपरा आहे, आणि रसायनशास्त्र सांगते की काडेचिराइतातील अमॅरोजेन्टिन व स्वेर्शिआमॅरिन ही कडू द्रव्येही ओल्युरोपेइनप्रमाणे सेकोइरिडॉइड वर्गातलीच आहेत. (कोकणात परसात लावतात ते हिरवे किराईत निराळे, त्याचा कडूपणा डायटर्पीन वर्गातील द्रव्यामुळे येतो.) दोन दूरच्या प्रदेशांतील लोकांनी एकमेकांचा पत्ता नसताना एकाच रासायनिक घराण्यातील वनस्पती एकाच दुखण्यासाठी निवडाव्यात, हा योग मनात घर करून राहणारा आहे. पण त्यावरून दोन्ही वनस्पती हिवतापावर खरोखर गुणकारी ठरतात असे नाही; सिंकोनाच्या सालीतील क्विनीनने हिवतापाचा परजीवी मरतो हे सिद्ध झाले, ऑलिव्हच्या पानाबाबत तसे माणसांवर कधी सिद्ध झाले नाही, आणि हिवतापाच्या उपचारातून हे पान बाजूला पडले ते योग्यच झाले.

विसाव्या शतकात पानाची चर्चा ज्वराकडून रक्तदाबाकडे सरकली. पेटकोव्ह आणि मानोलोव्ह यांनी १९७२ मध्ये ओल्युरोपेइनने प्रयोगशाळेतील प्राण्यांचा रक्तदाब उतरतो, हृदयाच्या रोहिणीतील प्रवाह वाढतो आणि आकुंचित स्नायू सैलावतात असे नोंदवले. पुढे परीक्षानळीतील प्रयोगांत असेही दिसले, की पानातील काही सेकोइरिडॉइड द्रव्ये अँजिओटेन्सिन रूपांतरक विकराला रोखतात. हे विकर रक्तवाहिन्या आकसवणारे संप्रेरक तयार करते, आणि रक्तदाबाच्या कितीतरी प्रचलित गोळ्यांचे लक्ष्य तेच आहे. याच काळात ऑक्सिडीकरणविरोधी शक्तीचाही मोठा गाजावाजा झाला. परीक्षानळीत ही शक्ती मोजणे सोपे असते, म्हणून निरनिराळ्या अन्नपदार्थांचे आकडे मांडून त्यांची क्रमवारी लावण्याची प्रथा पडली. अमेरिकेच्या कृषिखात्याने २०१२ मध्ये असा आपला संपूर्ण तक्ता मागे घेतला, कारण त्या आकड्यांचा शरीरातील प्रत्यक्ष परिणामांशी संबंध दाखवता येत नव्हता. तो निर्णय पानाच्या प्रचारकांनी अजूनही मनावर घेतलेला दिसत नाही.

शरीरात नेमके काय घडते ते अधिक गुंतागुंतीचे आहे. पोटात गेलेल्या ओल्युरोपेइनचा थोडा भाग लहान आतड्यात शोषला जातो, बाकीचा मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो आणि तेथील जिवाणू तो फोडून हायड्रॉक्सिटायरोसॉल मोकळे करतात. जे शोषले जाते त्यावर आतड्याची भिंत आणि यकृत ग्लुक्युरोनिक आम्ल किंवा सल्फेट चढवतात, आणि रक्तात मुख्यतः हीच रूपांतरित द्रव्ये फिरतात. म्हणून परीक्षानळीत शुद्ध ओल्युरोपेइनने जे केले ते रक्तातही होईल असे धरून चालता येत नाही. त्यातच हायड्रॉक्सिटायरोसॉल हे मानवी शरीर स्वतःही डोपामिनपासून अल्प प्रमाणात तयार करते, आणि मद्य घेतल्यावर त्याचे लघवीतील प्रमाण वाढते. त्यामुळे लघवीत सापडलेले हायड्रॉक्सिटायरोसॉल पानातून आले की शरीरातून, हे ठरवताना संशोधकाला काळजी घ्यावी लागते.

पुरावा खऱ्या अर्थाने बोलू लागतो तो माणसांवरील चाचण्यांत, आणि त्यातही रक्तदाबाच्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण कल्पक अभ्यासात रक्तदाब सीमारेषेवर असलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या २० जोड्या घेण्यात आल्या. एकसारख्या जुळ्यांची जनुके सारखी असल्याने भावंडांतील फरक औषधाचा की प्रकृतीचा हा प्रश्न बराच सुटतो. आठ आठवड्यांनंतर रोज ५०० मिलिग्रॅम अर्क घेणाऱ्यांच्या वरच्या रक्तदाबात म्हणण्यासारखा बदल झाला नाही. रोज १००० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचा मात्र सरासरी १३७ वरून १२६ वर आला. त्याच अर्काची पुढची चाचणी इंडोनेशियात झाली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पहिल्या टप्प्यातील उच्च रक्तदाब असलेल्या रुग्णांच्या एका गटाला ५०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा आणि दुसऱ्या गटाला कॅप्टोप्रिल हे प्रस्थापित औषध साडेबारा मिलिग्रॅमपासून सुरू करून, गरजेप्रमाणे २५ पर्यंत वाढवत, दिवसातून दोनदा देण्यात आले. आठ आठवड्यांत अर्काच्या गटाचा वरचा दाब सरासरी साडेअकरा आणि कॅप्टोप्रिलच्या गटाचा सुमारे पावणेचौदा मिलिमीटरने उतरला, आणि दोन्हींतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. ‘पान गोळीइतकेच प्रभावी’ हे वाक्य जगभर फिरू लागले ते येथून. पण या चाचणीत निष्क्रिय गोळी घेणारा तिसरा गट नव्हता, आणि रक्तदाबाच्या रुग्णांना नुसते चाचणीत घेतले, दर पंधरवड्याला तपासले, आहाराचा सल्ला दिला, तरीही त्यांचा दाब काही अंशी उतरतोच. त्यामुळे साडेअकरा मिलिमीटरपैकी पानाचे किती आणि देखरेखीचे किती, याची वाटणी त्या चाचणीतून करता येत नाही.

ती वाटणी करण्याच्या दृष्टीने इंग्लंडमधील रेडिंग येथे झालेली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी अधिक विश्वासार्ह आहे. रक्तदाब वाढू लागलेल्या, पण अजून औषधे सुरू न झालेल्या ६० पुरुषांना सहा आठवडे १३६ मिलिग्रॅम ओल्युरोपेइन आणि ६ मिलिग्रॅम हायड्रॉक्सिटायरोसॉल असलेला अर्क आणि सहा आठवडे निष्क्रिय द्रव असे आलटूनपालटून देण्यात आले, म्हणजे प्रत्येक पुरुषाची तुलना त्याच्या स्वतःशीच झाली, आणि दाब दवाखान्यात एकदा न मोजता चोवीस तास अंगावर बांधलेल्या यंत्राने मोजला गेला. वरचा दाब सुमारे ४ आणि खालचा ३ मिलिमीटरने कमी झाला. त्याबरोबर एलडीएल, म्हणजे रोहिण्यांत थर साठवणारे कोलेस्टेरॉल, लिटरमागे ०.१९ मिलिमोलने, म्हणजेच डेसिलिटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅमने घटले. चार मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते किरकोळ नाहीत. रक्तदाबाच्या औषधांच्या अनेक चाचण्यांचे २०२१ मध्ये जे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात वरचा दाब ५ मिलिमीटरने उतरला की हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना सुमारे १० टक्क्यांनी कमी होतात असे दिसले. तेवढे फळ पानानेही मिळेल असे यातून सिद्ध होत नाही, कारण पानाची एकही चाचणी हृदयविकाराचे झटके मोजण्याइतकी लांब चाललेली नाही.

याउलट नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे वजन जास्त असलेल्या ७७ जणांवर आठ आठवडे झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५०० मिलिग्रॅम अर्काने, म्हणजे ८३.५ मिलिग्रॅम ओल्युरोपेइनने, ना रक्तदाब बदलला ना कोलेस्टेरॉल. हे निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवले की एक संगती दिसू लागते, जी सहसा ध्यानात घेतली जात नाही. जुळ्यांच्या आणि इंडोनेशियातील चाचणीत वापरलेल्या अर्कात ओल्युरोपेइनचा वाटा सुमारे एक पंचमांश होता, तेव्हा १००० मिलिग्रॅम अर्कातून रोज जवळजवळ २०० मिलिग्रॅम ओल्युरोपेइन पोटात जात होते. रेडिंगमध्ये १३६, मास्ट्रिख्टमध्ये ८३.५, आणि न्यूझीलंडमधील ज्या चाचणीचा उल्लेख पुढे येतो तीत ५१. दोनशेच्या आसपास दाब ठळकपणे उतरला, १३६ ला थोडा उतरला, त्याखाली उतरलाच नाही. प्रत्येक ठिकाणचे लोक वेगळे, त्यांचा मूळचा दाब वेगळा, चाचणीची शिस्तही वेगळी, त्यामुळे ही उतरंड म्हणजे सिद्धान्त नव्हे. तरीही ‘ऑलिव्हचे पान रक्तदाबावर चालते का’ हा प्रश्न मात्रेशिवाय विचारणे निरर्थक आहे, एवढे तिच्यावरून ठामपणे म्हणता येते.

मधुमेहाच्या बाबतीत चित्र वेगळे आणि काहीसे अनपेक्षित आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे वजन जास्त असलेल्या ४६ मध्यमवयीन पुरुषांवर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ५१ मिलिग्रॅम ओल्युरोपेइन आणि सुमारे १० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिटायरोसॉल बारा आठवडे दिल्यावर इन्सुलिनला शरीराचा मिळणारा प्रतिसाद १५ टक्क्यांनी, आणि इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडातील पेशींची तत्परता २८ टक्क्यांनी सुधारली. रक्तदाब, मेद आणि वजन यांवर मात्र काहीही परिणाम दिसला नाही. त्याआधी २०१२ मध्ये इस्राएलमधून आलेल्या अहवालात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या ७९ रुग्णांना चौदा आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम अर्क किंवा निष्क्रिय गोळी दिल्यानंतर एचबीएवनसी, म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारे मान, अर्काच्या गटात ८.० आणि दुसऱ्या गटात ८.९ असे आढळले, आणि त्याच संशोधकांनी उंदरांवर पाहिले तेव्हा पिष्टमय पदार्थांचे पचन व शोषण मंदावल्याचे दिसले. दोन्ही चाचण्या लहान आहेत, पण दोन निरनिराळ्या मार्गांनी त्या एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि मधुमेहाचा भार वाहणाऱ्या देशाने त्यांची दखल घ्यायला हवी.

सर्दी-पडसे, विषाणू आणि प्रतिकारशक्ती यांविषयीच्या दाव्यांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. न्यूझीलंडमधील शालेय खेळाडूंवर नऊ आठवडे झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्क घेणाऱ्या मुलांना पडसे कमी वेळा झाले नाही. आजारपणाचे दिवस मात्र २८ टक्क्यांनी कमी भरले. विषाणुनाशक म्हणून जे इतर पुरावे दिले जातात ते मुख्यतः पेशींच्या थाळीतले आहेत.

औषधनियंत्रकांची भूमिका या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखी आहे. युरोपीय औषधसंहितेने वाळलेल्या ऑलिव्ह पानात ओल्युरोपेइनचे प्रमाण किमान ५ टक्के असले पाहिजे अशी अट घातली, आणि औषधी पानाला मोजता येणारी ओळख त्यामुळे मिळाली. दुसरीकडे युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने पानाला मान्यता दिली ती केवळ परंपरागत उपयोगाच्या वर्गात, आणि तीही गंभीर आजार नाही याची डॉक्टरांनी खात्री केल्यानंतर, शरीरात किंचित पाणी साठले असता लघवी मोकळी होण्यासाठी. रक्तदाबाचा उल्लेख त्या मान्यतेत नाही. या वर्गातील औषध वैद्यकीय देखरेखीशिवाय घेता येण्याजोगे असावे लागते, आणि उच्च रक्तदाब हा काही स्वतःच्या मनाने हाताळण्याचा आजार नाही. तेव्हा समितीचा हा संकोच पानाविषयीच्या अविश्वासापेक्षा रुग्णाच्या काळजीतून आलेला आहे, असे म्हणणे न्याय्य ठरेल.

याच काळजीचा दुसरा पैलू सुरक्षिततेचा. चाचण्यांत या अर्काचे गंभीर दुष्परिणाम दिसलेले नाहीत, पण त्यांतील बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्या आहेत, वर्षांच्या नव्हेत. ज्याच्या रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत त्याने त्यांवर हा अर्क सुरू केला तर दोन्हींचा परिणाम एकत्र होऊन चक्कर येणे किंवा साखर खाली जाणे शक्य आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, तसेच अठरा वर्षांखालील मुले यांच्यासाठी पुरेशी माहिती नसल्याने तो सुचवला जात नाही. आणि ज्यांना या कुळातील झाडांची, विशेषतः त्यांच्या परागांची, अॅलर्जी आहे त्यांनी तो टाळावा. या सर्वांपेक्षा मोठा धोका चालू गोळ्या परस्पर बंद करण्याचा आहे, कारण रक्तदाब वाढलेला असताना बहुधा काहीही जाणवत नाही, आणि जे जाणवत नाही ते बरे झाले असे मानण्याचा मोह माणसाला होतोच.

भारतात हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. राजस्थान सरकारने २००७ मध्ये इस्राएलमधील एक कंपनी आणि पुण्यातील फिनोलेक्स प्लासन यांच्या भागीदारीत ऑलिव्हच्या लागवडीचा प्रकल्प हाती घेतला, बार्निया, आर्बेक्विना, कोरोनेकी अशा जातींची रोपे वाळवंटी भागात ठिबक सिंचनावर लावली गेली, आणि पुढे बिकानेर जिल्ह्यातील लूणकरणसर येथे तेल काढण्याचा कारखानाही उभा राहिला. तेथील पानांपासून चहा करून विकण्याचा उद्योगही त्यातूनच निघाला. ऑलिव्हला फुलोरा येण्यासाठी हिवाळ्यात पुरेशी थंडी लागते, ती नसेल तर झाड पाल्याने भरते पण फळत नाही. म्हणजे उष्ण प्रदेशात तेलापेक्षा पान हेच अधिक भरवशाचे पीक ठरू शकते. पण त्या पानात ओल्युरोपेइन किती, हे प्रत्येक ठिकाणी मोजावे लागेल. दोन ग्रॅम वाळलेल्या पानांत, औषधसंहितेच्या किमान मर्यादेप्रमाणे, १०० मिलिग्रॅम ओल्युरोपेइन असते, आणि गरम पाण्यात काही मिनिटे बुडवलेल्या पानांतून ते सारेच्या सारे उतरत नाही. शिवाय पान ओलसर असताना चुरगळले गेले किंवा सावकाश वाळले तर प्रिव्हेटच्या अळीसमोर जे घडते तेच टोपलीत घडते, विकर आपले काम करून जाते आणि कडू द्रव्य प्यायच्या आधीच मोडते. रेडिंगच्या चाचणीतील मात्रा अशा एका कपातून मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

याच मोजमापाची गरज कुळबंधू पारिजातकालाही आहे. सांधेदुखी, गृध्रसी आणि ताप यांवर पारिजातकाच्या पानांचा काढा महाराष्ट्रातील घराघरांत दिला जातो, त्या झाडातही इरिडॉइड ग्लायकोसाइडे आहेत, आणि तरीही किती पाने, कोणत्या ऋतूतली, किती वेळ उकळलेली, आणि त्यातून कोणते द्रव्य किती मिलिग्रॅम, याचे उत्तर बहुधा ‘मूठभर’ या शब्दापाशीच थांबते. ऑलिव्हच्या पानावर ज्या क्रमाने काम झाले, म्हणजे आधी मुख्य द्रव्य ओळखणे, मग त्याची किमान मर्यादा ठरवणे, मग ठरलेल्या मात्रेची निष्क्रिय पर्यायाशी तुलना करणे, तो क्रम येथील महाविद्यालये आणि आयुर्वेदीय संशोधन संस्था यांच्या आवाक्याबाहेरचा नाही. त्यातील खरी अडचण तांत्रिक आहे आणि ती या विषयाच्या मुळाशीच आहे: काढा इतका कडू असतो की निष्क्रिय द्रव घेणाऱ्याला पहिल्याच घोटात आपल्या वाट्याला काय आले ते कळते, आणि चाचणीचा पडदा तेथेच गळून पडतो, म्हणून एकतर अर्क गोळीत बंद करावा लागतो, किंवा रक्तदाबावर आणि साखरेवर कोणताही परिणाम न करणारे दुसरे एखादे कडू द्रव्य शोधून त्याची चव आधी चाखणाऱ्यांच्या जिभेवर पारखून घ्यावी लागते.